परमिटला होकार, पद्धतीला हरकत

इंग्लंडमधल्या ज्या मध्यम आकाराच्या शहरात आम्ही राहतो, तिथली आमची गल्ली व्हिक्टोरियन काळातल्या, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांची आहे. ही घरे बांधली गेली तेव्हा मोटारी नव्हत्या, त्यामुळे गाडी उभी करायला स्वतःची जागा कोणाकडेच नाही. आणि घराची रुंदी जेमतेम एका गाडीच्या लांबीएवढी असल्याने एका घरात दोन गाड्या झाल्या की गल्लीचा हिशेब बिघडतो. त्यातच पाच-सहा मिनिटांच्या अंतरावर एन.एच.एस.चे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, मोठे रुग्णालय आहे. करोनाच्या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालय-कर्मचाऱ्यांना आवारात मोफत गाडी लावता यावी म्हणून सरकार पैसे देत होते. ती मदत ३१ मार्च २०२२ रोजी संपली आणि अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना पुन्हा पैसे मोजावे लागू लागले. आमच्या गल्लीत त्याचा परिणाम असा झाला की सकाळी सातच्या पाळीआधीच रस्ता भरून जाऊ लागला. सासूबाईंना अंघोळ घालायला येणारी बाई दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून, सामानाची पिशवी सांभाळत पावसात चालत येऊ लागली, आणि तिला मिळणाऱ्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे त्यातच जाऊ लागली.

म्हणूनच, गल्लीत गाडी लावायला रहिवाशांसाठी परमिट योजना आणावी या अर्जावर शेजारच्या आजोबांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली तेव्हा मी आनंदाने सही केली. मला योजना हवी होती आणि आजही हवी आहे. तरीही पुढे याच योजनेच्या मसुद्यावर मी लेखी हरकत नोंदवली, आणि त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांशी माझे बोलणे काही काळ तुटले.

अर्ज गेल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, पत्रक दारात पडले. आत नकाशा, प्रश्नावली आणि उत्तर पाठवायची मुदत होती. योजना एकच मांडली होती : सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा, फक्त परमिटधारकांसाठी. प्रश्न तीन होते. तुमच्या रस्त्यावर पार्किंगचा त्रास होतो का? ही योजना तुम्हाला मान्य आहे का? आणि शेजारच्या रस्त्यावर योजना आली व तुमच्याकडे आली नाही, तर तुमचे मत बदलेल का? हा तिसरा प्रश्न मला तेव्हाच खटकला. परमिट लागू झालेल्या रस्त्यावरून हुसकलेल्या गाड्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर जातात हे खरेच आहे, आणि कौन्सिलने ते विचारणेही रास्त आहे; पण तो प्रश्न ज्या पद्धतीने मांडला होता, त्यात विचारणेपेक्षा इशाराच अधिक होता. परमिटची वार्षिक फी किती, पाहुण्यांसाठी लागणाऱ्या व्हाउचरची किंमत किती, घरी येणाऱ्या काळजीवाहकांना वेगळे परमिट मिळणार का, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. फी ‘यथावकाश’ ठरणार होती. वस्तूची किंमत न सांगता ती हवी का असे विचारले, तर बहुतेक माणसे हो म्हणणारच.

पत्रके फक्त नकाशातल्या लाल रेषेच्या आत वाटली होती. आमच्या मागच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत केरळची एक परिचारिका राहते, तिचे घर रेषेच्या बाहेर पडले. तिला पत्रक नव्हते, आणि ती काम करत असलेल्या रुग्णालयालाही नव्हते. कोपऱ्यावरच्या पाळणाघराला मिळाले होते, पण ते मुलांच्या सुट्टीत आले आणि सुट्टी संपली तेव्हा मुदतही संपत आली होती. योजनेचा सगळ्यात थेट परिणाम ज्यांच्यावर होणार त्यांना विचारलेच नव्हते, आणि ज्यांना विचारले त्यांना पुरेसे सांगितले नव्हते.

मुदतीच्या काळात कौन्सिलने वाचनालयात एका संध्याकाळी नकाशे मांडले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन अधिकारी फलकांपाशी उभे होते. त्यांतला तरुण अधिकारी सभ्य होता आणि त्याने न विचारताच एक गोष्ट सांगितली, जी पत्रकात ठळक छापायला हवी होती : परमिट म्हणजे जागेची हमी नव्हे. मी नकाशावर वाकून आमची गल्ली शोधली, तर दोन्ही टोकांना आणि मधल्या फाट्यापाशी पिवळ्या दुहेरी रेषा, म्हणजे गाडी लावायला मनाई, आखलेल्या दिसल्या. इथल्या ‘हायवे कोड’ या वाहतुकीच्या नियमपुस्तिकेतल्या नियम २४३ नुसार चौकापासून १० मीटरच्या आत गाडी उभी करू नये, आजवर तो नियम कोणी पाळत नव्हते, आणि योजनेबरोबर त्या रेषा येणार होत्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही, लहान मुले तिथेच रस्ता ओलांडतात. पण बोट ठेवत मोजले तेव्हा लक्षात आले की सध्या जिथे आठ-नऊ गाड्या रात्री लागतात, ती जागा जाणार होती. शेजारचे आजोबा माझ्या बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, “बाहेरच्या गाड्या गेल्या की एवढी जागा सहज निघेल.” दिवसा निघेल, रात्री कशी निघेल, कारण रात्रीच्या गाड्या तर आपल्याच आहेत, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी तो विषय बदलला.

निकाल आला तो रस्त्यागणिक टक्केवारीने. उत्तर देणाऱ्यांपैकी बहुमत योजनेच्या बाजूने होते, पण उत्तर न देणारी घरे त्याहून कितीतरी जास्त होती, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर ‘रहिवाशांचा स्पष्ट पाठिंबा’ असे शब्द होते. इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. लोकांचे म्हणणे मागवणे ही काही निवडणूक नसते. बहुमत विरोधात असूनही कौन्सिल योग्य कारणे देऊन निर्णय घेऊ शकते. मात्र बहुमत सोयीचे असते तेव्हा त्याला जनादेश म्हणायचे आणि गैरसोयीचे असते तेव्हा ‘हे मतदान नव्हते’ असे सांगायचे, हा प्रकार मी आमच्याच कौन्सिलच्या दोन वेगवेगळ्या अहवालांत वाचला आहे.

हे सगळे न्याय्य आहे की नाही हे ठरवायला नुसता राग पुरत नाही, काही माप लागते. ते माप या देशातल्या न्यायालयांनी घालून दिलेले आहे आणि योगायोगाने त्याचा उगम लंडनच्या ब्रेंट भागातला आहे, म्हणजे ज्या भागातल्या डॉलिस हिल इथे लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, त्याच कौन्सिलच्या विरोधातल्या खटल्यातला. ब्रेंटमधल्या शाळा बंद करण्याच्या निर्णयावर १९८५ साली ‘गनिंग’ नावाने ओळखला जाणारा खटला झाला. पुढे न्यायमूर्ती झालेले वकील स्टीफन सेडली यांनी त्यात चार कसोट्या मांडल्या आणि न्यायालयाने त्या उचलून धरल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारले पाहिजे, निर्णय पक्का झाल्यावर नाही. लोकांना नीट विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणे व माहिती दिली पाहिजे. विचार करायला व उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेली उत्तरे निर्णय घेताना प्रामाणिकपणे लक्षात घेतली पाहिजेत. २०१४ मध्ये हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या मोझली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलेच, शिवाय आणखी एक पाऊल पुढे टाकले : कौन्सिलने जे पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवले, तेही प्रसंगी लोकांना सांगावे लागतात, नाहीतर लोकांनी मत द्यायचे तरी कशाच्या तुलनेत? तो खटला पार्किंगचा नव्हता, घरपट्टीसारख्या कराच्या सवलतीचा होता. पण मला ज्याची टोचणी लागली होती ती हीच गोष्ट होती.

कारण पार्किंगच्या बाबतीत एक सर्वज्ञात पर्याय आहे. दिवसभर बंदी न घालता सकाळी एक तास आणि दुपारी एक तास रस्ता फक्त परमिटधारकांसाठी ठेवायचा. दिवसभर गाडी सोडून जाणाऱ्याला ते पुरेसे अडवते, पण घरी आलेला पाहुणा, नळ दुरुस्त करणारा, काळजीवाहक यांचा दिवस त्यात बुडत नाही. असा पर्याय विचारात घेतला होता का, हे मी माहितीच्या अधिकाराखाली विचारले. इथला तो कायदा २००० सालचा आहे आणि उत्तर २० कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. उत्तर आले, त्यासोबत एक अंतर्गत टिपणही आले. दोन तासांच्या पर्यायावर अधिकाऱ्यांनी विचार केला होता, आणि तेवढ्या थोड्या वेळात सगळ्या रस्त्यांवर फिरायला निरीक्षक पुरणार नाहीत, या कारणाने तो पत्रक छापण्यापूर्वीच बाजूला ठेवला होता. कारण कदाचित खरेही असेल. पण ते आम्हाला सांगितलेले नव्हते.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतो, आणि माझ्या मते सगळे वजन त्यालाच आहे. पहिले पत्रक हा कौन्सिलचा स्वेच्छेचा मामला असतो. प्रत्यक्ष योजना लागू करायला १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्याखाली आदेश काढावा लागतो, आणि त्या आदेशाची रीत १९९६ च्या नियमावलीत बांधून दिलेली आहे. मसुद्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात छापायची, लोकांना हरकत घेण्यासाठी किमान २१ दिवस द्यायचे, आणि मसुदा, नकाशा व ‘हा आदेश का’ याचे निवेदन पाहायला ठेवायचे. आमच्या गल्लीत ही सूचना विजेच्या खांबांवर प्लास्टिकच्या बांधपट्ट्यांनी आवळलेली होती. पिवळा कागद, त्यावर बारीक अक्षर, वर प्लास्टिकचे आवरण, आणि आवरणाचे तोंड वरच्या बाजूला, त्यामुळे पहिल्याच पावसात आत पाणी शिरून खालच्या चार ओळी पसरल्या होत्या. हरकत कुठे पाठवायची तो पत्ता नेमका त्या चार ओळींत होता.

मी चार घरी जाऊन सांगितले की पहिल्या प्रश्नावलीला दिलेले उत्तर इथे हरकत म्हणून धरले जाईलच असे नाही, पुन्हा लेखी द्यावे लागेल, आणि कारणांसह द्यावे लागेल. बहुतेकांचे उत्तर एकच : “आम्ही एकदा कळवले आहे ना!” लोक पहिल्या फेरीत सगळी शक्ती खर्च करतात, आणि कायद्याने ज्या कागदाची दखल घ्यावीच लागते तो लिहायची वेळ येते तेव्हा थकलेले असतात.

माझी हरकत तीन पानांची झाली. योजनेला माझा विरोध नाही, हे पहिल्याच वाक्यात लिहिले. मग दोन तासांच्या पर्यायाचे टिपण जोडले. फी न सांगता मत मागवल्याचे लिहिले. रुग्णालयाला व रेषेबाहेरच्या रस्त्यांना न विचारल्याचे लिहिले. आणि काळजीवाहकांच्या परमिटचा प्रश्न समता कायद्याच्या अंगाने मांडला, कारण २०१० च्या त्या कायद्याप्रमाणे वृद्ध व अपंग व्यक्तींवर निर्णयाचा काय परिणाम होईल याचा सार्वजनिक संस्थेने यथोचित विचार करणे बंधनकारक आहे. फीबद्दल एक वाक्य मुद्दाम घातले : बार्नेट कौन्सिलने रहिवासी परमिटची फी ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेली होती, आणि वाहतुकीच्या इतर खर्चासाठी जादा पैसा उभा करण्याच्या हेतूने अशी वाढ करता येत नाही, असे उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. परमिटची फी ही मागल्या दाराने घेतलेली करवाढ असू नये, एवढेच मला म्हणायचे होते.

हरकत दिल्याचे कळताच आजोबा दारात आले. ते चिडलेले होते, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते साहजिकच होते. त्यांनी दोन वर्षे घालून प्रकरण इथवर आणले होते, आणि आता सही करणारीच फाटा फोडत होती. “तू आमच्या बाजूची की रुग्णालयाच्या?” असे त्यांनी विचारले. मी सांगितले की घाईने काढलेल्या आदेशाला तो काढल्याच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत कोणीही उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकते आणि मग सगळेच अडकेल. त्यांना ते पटले नाही. मागच्या रस्त्यावरच्या परिचारिकेला मात्र माझी हरकत फारच सौम्य वाटली. तिचे म्हणणे असे की रस्ता सरकारी आहे, त्यावर घरमालकांची मालकी येते कुठून? तिचा मुद्दा मला अजूनही पूर्णपणे खोडून काढता आलेला नाही.

पुण्याला बाबांशी फोनवर बोलताना हे सांगितले तर ते हसले. शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेऊन ते स्वतः सुनावणीला गेले होते. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली हरकत घेणाऱ्याला समितीपुढे बोलावून ऐकून घेतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८०,००० हून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ आला असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. पण समोर बसून बोलण्याचा हक्क तरी असतो. इथे रस्त्याच्या आदेशावर हरकत घेणाऱ्याला, सार्वजनिक चौकशी नेमली गेली नाही तर, तसा हक्क नाही. कागद वाचला जातो, माणूस ऐकला जाईलच असे नाही. आमच्या कौन्सिलच्या नियमांत समितीपुढे तीन मिनिटे बोलायची सोय होती, तीही आधी नाव नोंदवले तर.

सभेची कागदपत्रे किमान पाच पूर्ण दिवस आधी खुली करावी लागतात. ती उघडताच मी परिशिष्ट काढले. तिथे तीन स्तंभांचा तक्ता होता : क्रमांक, हरकतीचा आशय, अधिकाऱ्यांचे मत. माझ्या तीन पानांचा आशय होता ‘वेळा कमी कराव्यात अशी विनंती’, आणि पुढच्या रकान्यात ‘नोंद घेतली, सध्याच्या वेळांना रहिवाशांचा पाठिंबा आहे’. टिपण, फी, काळजीवाहक, रुग्णालय यांपैकी काहीही त्यात नव्हते. नगरसेवक मूळ पत्रे क्वचितच वाचतात, ते हा तक्ता वाचतात. तेव्हा हरकत वाचली जाते की नाही हे त्या मधल्या रकान्यात ठरते, आणि तो रकाना लिहितो तो ज्याच्या प्रस्तावावर हरकत आहे तोच अधिकारी.

म्हणून तीन मिनिटांत मी भाषण केलेच नाही. त्या तक्त्यातली माझी ओळ वाचून दाखवली, मग माझ्या पत्रातले चार मुद्दे वाचले, आणि ते सदस्यांसमोर ठेवलेले नाहीत एवढे म्हटले. एका नगरसेविकेने अधिकाऱ्यांना विचारले की दोन तासांचा पर्याय तपासला होता का. थोडी शांतता, आणि मग उत्तर आले की ‘प्राथमिक पातळीवर’ तपासला होता. अध्यक्षांना धास्ती होती की प्रकरण लांबणीवर टाकले तर योजनाच रद्द होईल. सूचना प्रथम छापल्यापासून दोन वर्षांत आदेश काढायचा असतो आणि त्यातले बहुतेक महिने अजून शिल्लक आहेत, हे मी लिहून नेले होते. बोलायची माझी वेळ संपली होती, पण विधी अधिकाऱ्याने तेच सांगितले. आजोबा मागच्या बाकावर होते. तेही योजनेच्या बाजूने बोलले, आणि चांगले बोलले.

समितीने निर्णय पुढे ढकलला. काही आठवड्यांनी नवी पत्रे आली, कारण आदेशात मोठा बदल करायचा तर ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना कळवून म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. या वेळी दोन पर्याय समोरासमोर मांडले होते, प्रत्येकाच्या बाजूच्या व विरुद्ध गोष्टींसह. फी छापली होती. काळजीवाहकांचे परमिट कसे मिळेल ते सांगितले होते. आणि एक प्रत रुग्णालयालाही गेली होती. उत्तरांची संख्या पहिल्यापेक्षा वाढली. आमच्या गल्लीने दोन तासांचा पर्याय निवडला, रुग्णालयाला लागून असलेल्या दोन रस्त्यांनी दिवसभराचा. अंतिम आदेश तसाच निघाला, आणि हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला निर्णयाची कारणे लेखी आली. माझ्या पत्रात फीच्या मुद्द्यावर ‘योजनेचा प्रशासकीय व अंमलबजावणीचा खर्च’ एवढेच उत्तर होते. १९८४ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे पार्किंगच्या जमाखर्चाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. तो मी मागवला आहे.

सासूबाईंकडे येणारी बाई आता दाराशी गाडी लावते. रात्री मात्र जागा पूर्वीइतकीच अवघड आहे, किंचित जास्तच, आणि आजोबांनी परवा ते मान्य केले, मला नव्हे, माझ्या नवऱ्याला. रुग्णालयाच्या गाड्या मागच्या रस्त्यावर सरकल्या आहेत. तिथे सह्यांचा नवा अर्ज फिरतो आहे. तो फिरवणाऱ्यांत ती परिचारिका आहे, कारण तिलाच आता पाळीवरून परतल्यावर घरासमोर जागा मिळत नाही. तिने माझ्याकडून जुनी कागदपत्रे नेली आहेत आणि पत्रक छापण्याआधीच कौन्सिलला पत्र लिहून, कोणते पर्याय विचारात आहेत व पत्रके कोणाकोणाला जाणार, हे दोन प्रश्न विचारले आहेत.